ग्रामपंचायतीची खरेदी, ठेकेदार आणि आपण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा जिल्ह्यातले सरपंच, सदस्य, ग्रामसेवक, दुकानदार आणि ठेकेदार आम्हाला जे विचारत राहतात, त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. विचारणारे बहुतेक लोक प्रामाणिक असतात. नियम मोडल्याचं त्यांना कळतं तेव्हा जिल्हाधिकारी कार्यालयाची नोटीस हातात पडलेली असते. प्रश्न त्यांच्याच बोलीत ठेवले आहेत, फक्त गावांची आणि माणसांची नावं काढली आहेत.

१. मूळ नियम काय आहे? एका वाक्यात सांगा.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १४(१)(ग) प्रमाणे ग्रामपंचायतीच्या आदेशाने होणाऱ्या कामात, ग्रामपंचायतीशी किंवा तिच्या वतीने झालेल्या करारात किंवा तिच्या नोकरीत ज्याचा स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध आहे, त्याला सदस्य होता येत नाही आणि राहताही येत नाही. निवडून येताना तसं काही नव्हतं, नंतर झालं, तर कलम १६ लागतं आणि पद जातं. एका वाक्यात मावलं नाही खरं, पण कायद्यातलं वाक्य याहून लांब आहे.

२. माझं हार्डवेअरचं दुकान आहे. तालुक्यापेक्षा स्वस्त देतो, उलट गावाचे पैसे वाचतात. मग अडचण कसली?

सर्वात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि सर्वात जास्त पदं याच समजुतीने जातात. अपात्रतेच्या सुनावणीत दर चढा होता का, माल निकृष्ट होता का, ग्रामपंचायतीचं नुकसान झालं का, हे मुख्य प्रश्न नसतात. हितसंबंध होता की नव्हता, एवढंच तपासतात. तुमच्या दुकानाच्या नावाचं बिल ग्रामपंचायतीच्या दप्तरात सापडलं की तुमचा प्रामाणिकपणा सिद्ध करूनही फारसं काही हाती लागत नाही. “रक्कम किरकोळ होती” हा बचाव त्याहून लंगडा.

असं का, हेही समजून घ्या. बिल देणारा आणि बिल मंजूर करणारा एकच माणूस असला की माल मोजून कोण घेणार? पाइप चार इंची आला की तीन इंची, हे विचारायची हिंमत शिपायाची होत नाही आणि ग्रामसेवकाला ती सोयीची नसते. तुम्ही सज्जन असाल. नियम तुमच्या नंतर त्या खुर्चीत बसणाऱ्यासाठीही आहे.

आणखी एक. “ठरावाच्या वेळी मी बाहेर गेलो होतो” याने अपात्रता टळत नाही. बाहेर जाणं केव्हा उपयोगी पडतं, ते प्रश्न ४ मध्ये आहे.

३. हे फक्त सरपंचालाच लागू आहे का? ग्रामसेवकाचं काय? आणि नगरपालिकेचं?

कलम १४ सरपंच, उपसरपंच आणि प्रत्येक सदस्याला लागू आहे. विरोधी गटातल्या सदस्यालाही. हे मुद्दाम सांगतो, कारण तक्रार करणाऱ्याचंच बिल निघाल्याची उदाहरणं आहेत.

ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) हे जिल्हा परिषदेचे कर्मचारी. त्यांना जिल्हा परिषद जिल्हा सेवा वर्तणूक नियम, १९६७ लागू होतात आणि चूक झाली तर विभागीय चौकशी लागते. शिवाय भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, १९८८ दोघांनाही सारखाच लागतो, कारण निवडून आलेला सदस्यही लोकसेवकच मानला जातो.

सातारा, कराड, फलटण, वाई यांसारख्या नगरपरिषदांना आणि वडूज, दहिवडी, मेढा यांसारख्या नगरपंचायतींना १९६५ चा अधिनियम आहे. जिल्हा परिषद व पंचायत समितीला १९६१ चा. शेजारच्या सांगली-मिरज-कुपवाडला महानगरपालिका असल्याने १९४९ चा. या तिन्हींत ठेक्यातल्या हितसंबंधावर बंदी आहेच, पण अपवाद आणि सुनावणीची पद्धत वेगळी आहे. खालची उत्तरं ग्रामपंचायतीपुरती वाचावीत.

४. माझ्या सख्ख्या भावाचं सिमेंटचं दुकान आहे. गावात दुसरं दुकानच नाही. त्याच्याकडून घ्यायचं नाही का?

नुसतं नातं म्हणजे हितसंबंध नव्हे. नगरपालिकेच्या एका सदस्याचा मुलगा त्याच नगरपालिकेत नोकरीला होता, त्या जुन्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटलं आहे: केवळ नात्यावरून हितसंबंध गृहीत धरता येत नाही. म्हणजे भाऊ वेगळा राहतो, त्याचा धंदा वेगळा, परवाना त्याच्या नावाचा, बँक खातं त्याचं, तुमचा त्यात पैसा नाही, तर केवळ आडनाव एक म्हणून पद जायला नको.

गाठ बसते ती पुढे. आपल्याकडे भाऊ वेगळे राहतात, पण सात-बारा एकत्र असतो. दुकानाचा गाळा वडिलांच्या नावावर असतो, मालाच्या कर्जाला जामीन सरपंच असतात आणि दुकानाच्या फलकावर “बंधू” लिहिलेलं असतं. सुनावणीत हे सगळं निघतं. तक्रारदाराचा वकील आधी शिधापत्रिका मागतो, मग गाळ्याचा उतारा, मग जीएसटी नोंदणी, मग बँकेची कागदपत्रं. यातला एखादा कागद धंदा एकत्र असल्याचं दाखवून गेला की “भाऊ वेगळा आहे” हे वाक्य लटकं पडतं.

म्हणून आमचा सल्ला असा. शक्य असेल तर शेजारच्या गावातून घ्या. वाहतुकीचे चार पैसे जास्त गेले तरी चालतील. शक्यच नसेल तर दरपत्रकं खरोखर मागवा (प्रश्न ११), मासिक सभेत नातं उघड सांगा, विषय निघाल्यावर बाहेर जा आणि “पुरवठादार नातेवाईक असल्याने सरपंच या चर्चेत सहभागी नव्हत्या / नव्हते” असं इतिवृत्तात लिहून घ्या. धंदा खरंच वेगळा असेल तिथे ही नोंद तुमच्या बाजूने बोलते. धंदा एकत्र असेल तर तीच नोंद तुमच्या विरुद्ध पुरावा होते.

मुलगा, नवरा किंवा बायको एकाच घरात राहत असतील तर मात्र आम्ही स्पष्ट नको म्हणतो. कायद्यावर वाद घालता येईल, पण तो वाद तुम्ही पदावर असताना, तुमच्या खर्चाने, अपिलासाठी पुण्याला हेलपाटे घालत चालेल.

५. बायको सरपंच आहे, पण ठेकेदारांशी बोलणी मीच करतो. तिला त्यातलं कळत नाही.

तिला कळत नाही हे तुमचं मत. सही तिची, जबाबदारी तिची आणि अपात्र झाली तर तीच. तुम्हाला सभेत बसायचा, दर ठरवायचा, ठेकेदाराला “हो” म्हणायचा कसलाही अधिकार नाही.

फौजदारी बाजू याहून वाईट आहे. लोकसेवकाच्या नावाने पैसे घेणारा खाजगी माणूस सुटतो असा गैरसमज पसरलेला आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ ला आलेलं कलम ७-क (बऱ्याच प्रतींत ते ‘७ए’ असं छापलेलं असतं) नेमकं अशा माणसासाठी आहे. लोकसेवकावर वजन टाकून काम करून देतो म्हणून पैसे घेतले तर ३ ते ७ वर्षं कैद. “सरपंचांचे यजमान” हे पद कायद्यात नाही, आरोपीच्या रकान्यात मात्र ते सहज बसतं.

६. काम दुसऱ्या ठेकेदाराला मिळालं आहे. त्याने माझा जेसीबी भाड्याने घेतला. हे तर माझ्या धंद्याचं झालं ना?

काम कुणाचं आहे ते आधी बघा. ग्रामपंचायतीने दिलेलं असेल किंवा ग्रामपंचायत स्वतः कार्यान्वयन यंत्रणा (काम करवून घेणारी) असेल, तर “अप्रत्यक्ष” हा शब्द तुमच्यासाठीच लिहिला आहे. मधे ठेकेदार असल्याने तुमचा वाटा पुसला जात नाही. जेसीबी, डंपर, खडी, मुरूम, सगळ्याला हेच लागू.

काम जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाने किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाने स्वतः निविदा काढून दिलं असेल तर तो ग्रामपंचायतीशी झालेला करार नाही, त्यामुळे १४(१)(ग) थेट लागत नाही. पण त्याच कामाचा पूर्णत्वाचा दाखला किंवा हस्तांतरणाचा ठराव तुमच्या सहीने जाणार असेल तर थांबा. स्वतःच्या जेसीबीने खणलेल्या चारीची खोली बरोबर आहे असं तुम्हीच लिहून देणार. अपात्रता नाही तरी कलम ३९ खाली गैरवर्तनाची तक्रार होऊ शकते. त्यात जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी चौकशी करतात आणि विभागीय आयुक्त पदावरून काढू शकतात.

७. माणमधलं गाव आहे आमचं. उन्हाळ्यात माझ्याच ट्रॅक्टरच्या टँकरने पाणी दिलं. आता विरोधक म्हणतात अपात्र करतो.

फुकट दिलं असेल तर निश्चिंत राहा. लोकांची तहान भागवायला कायद्याची आडकाठी नाही. ग्रामपंचायतीकडून भाडं घेतलं असेल तर प्रश्न २ चं उत्तर लागू. दुष्काळ होता म्हणून नियम शिथिल होत नाही.

मधली जागा निसरडी आहे. “भाडं नाही घेतलं, फक्त डिझेल घेतलं.” पंपाची पावती ग्रामपंचायतीच्या नावाने, पैसे पंपाला थेट, तुमच्या हातात काही नाही, असं असेल तर बाजू मांडता येते. तरीही ट्रॅक्टर तुमचाच होता आणि त्यात ग्रामपंचायतीचं डिझेल गेलं, एवढ्यावर तक्रार उभी राहू शकते. स्वतःच्या नावाने रोख उचल घेतली असेल तर डिझेल किती आणि भाडं किती हे कोण वेगळं करणार?

शासकीय टंचाईचे टँकर ग्रामपंचायत लावत नाही. ते महसूल यंत्रणेच्या मंजुरीने आणि वाहतूक ठेकेदारामार्फत येतात. तिथे तुमचा टँकर लागला असेल तर ग्रामपंचायतीशी करार नाही. पण खेपांच्या नोंदवहीवर गावातून सही कोणाची होते? तुमची असेल तर ती दुसऱ्या कोणाला तरी करू द्या, आणि हे गटविकास अधिकाऱ्यांना आधीच लेखी कळवा.

८. माझी विहीर पिण्याच्या पाण्यासाठी अधिग्रहित केली. मोबदला मिळाला. गेलं का पद?

अधिग्रहण महसूल अधिकाऱ्याच्या आदेशाने होतं. तुम्ही ग्रामपंचायतीला काही विकत नाही, नाही म्हणायची मुभाही तुम्हाला नसते. हा प्रसंग प्रश्न ७ पेक्षा वेगळा आहे. आदेशाची प्रत, कालावधी आणि मोबदल्याची नोंद जपून ठेवा. तोंडी सांगण्यावर विहीर देऊन नंतर ग्रामपंचायतीच्या निधीतून बिल काढलंत तर मात्र तो साधा व्यवहार झाला.

९. दिवाळीला ठेकेदार कंदी पेढ्यांचा बॉक्स घेऊन येतो. परत पाठवायचा? माणूस दुखावतो हो.

पेढे खाऊन कोणी तुरुंगात गेल्याचं आम्ही ऐकलेलं नाही. पण बॉक्सबरोबर पाकीट येतं, पुढच्या वर्षी मोबाइल येतो, आणि नाही म्हणायची वेळ कधीच निघून गेलेली असते.

कायदा असा आहे. ज्याचं बिल, निविदा किंवा अर्ज तुमच्यापुढे आहे किंवा येणार आहे, त्याच्याकडून मोफत किंवा नाममात्र किमतीत गैरवाजवी फायदा घेणं हा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. ६ महिने ते ५ वर्षं कैद. बदल्यात तुम्ही काही केलं नाही, हे सांगून इथे सुटका होत नाही. फायदा पैशांतलाच हवा असंही नाही. घराच्या स्लॅबला आलेली “जास्तीची” खडीही त्यात येते.

गावात चालेल असा मार्ग: पेढे ऑफिसात सगळ्यांसमोर उघडा, अंगणवाडीत वाटा, आणि ठेकेदाराला तिथेच हसत सांगा की पुढच्या वर्षी नको. घरी आलेली वस्तू त्याच दिवशी परत पाठवा. ग्रामसेवकांनी मात्र पेढ्यांच्या पलीकडचं काहीही वरिष्ठांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

१०. यात्रेला ठेकेदाराकडून वर्गणी घेतली तर? पैसे देवाचे आहेत, माझ्या खिशात काही नाही.

यात्रा कमिटीने गावातल्या सगळ्या दुकानदारांकडे, व्यावसायिकांकडे सारखीच मागितली, पावती दिली, हिशोब ग्रामदेवतेच्या मंदिरात लावला, तर त्यात वावगं नाही. बिल अडकलेल्या ठेकेदाराला सरपंचांनी फोन करून आकडा सांगितला, तर ती वर्गणी राहत नाही. “देवासाठी” म्हटल्याने मागणीचा गुन्हा पुसत नाही, कारण गैरवाजवी फायदा दुसऱ्या कुणासाठी मागितला तरी तो गुन्हाच. तमाशाचा फड, कुस्तीचं इनाम, वाढदिवसाचा फ्लेक्स, क्रिकेटचे टी-शर्ट, सगळ्याला हाच हिशोब लावा. फ्लेक्सबद्दल आमचं वैयक्तिक मत असं की ठेकेदाराच्या फोटोसकट लागलेला फ्लेक्स हा विरोधकांना आयता दिलेला पुरावा असतो.

पुरवठादार कंपनीने “अभ्यास दौऱ्या”ला न्यायची तयारी दाखवली तरी उत्तर तेच. दौरा खरंच गरजेचा असेल तर खर्च शासनाच्या प्रशिक्षण निधीतून होऊ द्या.

११. तिन्ही दरपत्रकं एकाच दुकानदाराने आणून दिली. सगळीकडे असंच चालतं की!

चालतं. लेखापरीक्षणात सापडतंही. तीन दुकानांच्या लेटरहेडवर एकच हस्ताक्षर, शुद्धलेखनाची एकच चूक, एकच टंक, एकच तारीख आणि दरात ठरावीक अंतर. एलईडी दिवे, सीसीटीव्ही, फॉगिंग मशीन, शाळेचं साहित्य यांच्या खरेदीत हे फार दिसतं, कारण विकणारा फाइल तयार करूनच येतो. अंदाजपत्रक त्याचं, तांत्रिक तपशील त्याचे, ठरावाचा मसुदाही त्याचाच. ग्रामसेवकाला काम हलकं झाल्यासारखं वाटतं आणि तिथेच फसगत होते.

तुम्ही स्वतः पैसे खाल्ले नसलेत तरी बनावट दरपत्रकांवर सही करणं हे गैरवर्तन ठरतं, रक्कम वसूल होऊ शकते आणि फौजदारी गुन्हाही होऊ शकतो. दरपत्रकं मागवल्याचं पत्र जावक क्रमांकासह पाठवा, आलेली बंद पाकिटं सभेत उघडा, तुलनात्मक तक्ता ग्रामसेवकांनी स्वतः करावा. तांत्रिक तपशील पंचायत समितीच्या अभियंत्याकडून घ्या. जेम पोर्टलवर (सरकारी खरेदीची ऑनलाइन बाजारपेठ) तीच वस्तू काय दराने मिळते ते आधी बघून ठेवलं तर निम्मा खेळ तिथेच कळतो.

१२. निविदेची मर्यादा ओलांडू नये म्हणून एकाच रस्त्याची तीन कामं केली तर?

नको. एका कामाचे तुकडे पाडून निविदा टाळणं ही लेखापरीक्षकाची सर्वात सोपी हरकत आहे. मर्यादेचा आकडा शासन निर्णयांनी बदलत असतो, म्हणून खरेदीच्या तारखेला लागू असलेला निर्णय फाइलला लावा.

१३. माझी डिजिटल सहीची डोंगल संगणक परिचालकाकडे असते. रोज कोण जाणार?

वित्त आयोगाचे पैसे सरपंच आणि ग्रामसेवक यांच्या डिजिटल सह्यांनी थेट पुरवठादाराच्या खात्यात जातात. डोंगल आणि पासवर्ड दुसऱ्याकडे म्हणजे कोऱ्या चेकवर सही करून ठेवल्यासारखं. काही गावांत तर ती पुरवठादाराच्या माणसाकडेच असते. “मला माहीत नव्हतं” हे ऐकून घेतलं जात नाही, कारण सही तुमची आहे. आज घरी घेऊन या, पासवर्ड बदला. कोणाला किती पैसे गेले ते ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कोणालाही दिसतं. तुम्ही बघितलं नसेल, पण विरोधकांनी बघितलेलं असतं.

१४. मजुरांचे पैसे मीच खिशातून दिले, नंतर माझ्या नावाने चेक काढला. कामात माझा एक रुपया नफा नाही.

हेतू चांगला, कागद वाईट. सरपंचाच्या वैयक्तिक नावाने निघालेला चेक हा हितसंबंधाचा पहिला पुरावा म्हणून दाखल होतो, मग मजुरांच्या सह्या, हजेरीपट, पावत्या दाखवून तो खोडत बसावं लागतं. पैसे मजुराच्या किंवा दुकानदाराच्या खात्यात थेट द्या. आधीच असं झालं असेल तर सगळी प्रमाणकं (व्हाउचर) आजच गोळा करा. दोन वर्षांनी मजूर ऊसतोडीला गेलेले असतात.

१५. मी ठेकेदार आहे. बिलासाठी टक्केवारी मागतात. दिली तर मीही अडकतो का?

हो, २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही आरोपी होतो, ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र जबरदस्तीने द्यावी लागली आणि ७ दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलंत तर संरक्षण आहे. त्याहून बरं म्हणजे देण्याआधीच जाणं. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४. आधी पंचांसमक्ष मागणीची पडताळणी होते, मग सापळा. फोनवरचं बोलणं, मेसेज पुसू नका. मध्यस्थाने मागितलं असेल तरीही जा (प्रश्न ५).

दुसरी बाजूही बघा. काम मिळण्यासाठी तुम्हीच आकडा पुढे केला असेल तर वरचं संरक्षण तुमच्यासाठी नाही.

१६. साधा गावकरी आहे. संशय आहे, पण पुरावा नाही. कुठून सुरुवात करू?

माहितीच्या अधिकारापासून. अर्जाला १० रुपये, उत्तराला ३० दिवस. “भ्रष्टाचाराची माहिती द्या” असं लिहू नका, कागद मागा: त्या कामाचा ठराव, दरपत्रकं, तुलनात्मक तक्ता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची पानं, बिल, प्रमाणक आणि साठा नोंदवहीतली नोंद. बिल आहे आणि साठ्यात नोंद नाही, हे एवढंच पुष्कळदा पुरतं.

नंतर दार योग्य निवडा. सदस्याच्या अपात्रतेचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे. तो शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असं कायदा म्हणतो, तारखा लांबतात हे वेगळं. निर्णयाविरुद्ध १५ दिवसांत अपील करता येतं आणि ते पुण्याला विभागीय आयुक्तांकडे चालतं. ग्रामसेवकांबद्दल गटविकास अधिकारी किंवा मुख्य कार्यकारी अधिकारी. पैशांची मागणी असेल तर प्रश्न १५. एकच तक्रार सगळ्या कार्यालयांना पाठवली की प्रत्येक जण ती दुसऱ्याकडे ढकलतो.

१७. निवडणुकीला उभं राहायचंय. ग्रामपंचायतीचं गटाराचं काम मी घेतलेलं आहे, बिल यायचंय.

अर्ज भरण्याआधी काम पूर्ण करून, मोजमाप घेऊन, बिल आणि अनामत दोन्ही मोकळं करून घ्या आणि तसं पत्र ग्रामसेवकांकडून घ्या. अनामत ठेवीचा विसर हमखास पडतो. “निवडून आल्यावर बघू” म्हटलं तर अंतिम बिलाच्या मंजुरीच्या सभेत तुम्हीच बसलेले असाल. काम भावाच्या नावावर फिरवण्याचा मार्ग सुचवणारे पुष्कळ भेटतील. त्या फिरवण्याचा कागदच पुढे पुरावा होतो.

१८. खतं-बियाणांच्या कंपनीत माझे शेअर आहेत आणि गावच्या सोसायटीचा मी सभासद आहे. यांच्याकडून ग्रामपंचायतीने माल घेतला तर?

नोंदणीकृत कंपनीचा नुसता भागधारक असणं म्हणजे त्या कंपनीच्या करारात हितसंबंध, असं कायदा मानत नाही. कलम १४ च्या स्पष्टीकरणात ते दिलेलं आहे. मात्र भागीदारी संस्था म्हणजे कंपनी नव्हे. दोन मित्रांनी मिळून काढलेल्या “ट्रेडर्स”ला हा अपवाद मिळत नाही, तिथे भागीदारामार्फतचा हितसंबंध सरळ लागू होतो.

सोसायटीत शेकडो सभासदांपैकी एक असणं आणि तिचे चेअरमन असून बिलावर सही करणं यात फरक करा. चेअरमन असाल तर खरेदी दुसरीकडून होऊ द्या. महिला बचत गटाचंही तसंच: गटात पदाधिकारी सरपंच स्वतः असतील आणि ग्रामपंचायत त्या गटाला काम देत असेल, तर कामाचा ठराव होण्याआधी गटातून बाहेर पडा. ठरावानंतरचा राजीनामा उशिराचा.